पान्याला दाद न देणारे बोल्ट

पावसाळा सरला की पडवीतल्या, जिन्याखालच्या जुन्या गाड्या उजेडात येतात आणि माझ्या टपालात एकाच दुखण्याची, जाम झालेल्या बोल्ट-स्क्रूंची, पत्रं वाढतात. या वेळी तीच एकत्र घेतोय.

प्रश्न : वडिलांची १९९१ची आरएक्स १०० मोटरसायकल बरीच वर्षं पडवीत उभी होती. इंजिन उघडायला घेतलं, पण क्लच कव्हरचे स्क्रू हलत नाहीत. दोन स्क्रूंची तोंडं स्टार ड्रायव्हरने गोल झाली. दोन दिवस डब्ल्यूडी ४० मारतोय, फरक शून्य. मेकॅनिक म्हणतो छन्नी लावू. लावू द्यावी का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : छन्नीची वेळ येईलही, पण आज नाही. आधी कशात काय अडकलंय ते बघा. कव्हर आणि चेंबर (इंजिनचं खालचं धड) ॲल्युमिनियमचं, स्क्रू पोलादाचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मधे दमट खारी हवा, ती तर रत्नागिरीत फुकट मिळते. अशा जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. त्याची पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते आणि आट्यांच्या फटीत ठासून बसते. जो एखादा स्क्रू निघाला असेल त्याचे आटे बघा, पांढरं दिसेल. या भुकटीपुढे तेलाचं फारसं चालत नाही. पोलादात पोलाद आणि तांबडा गंज असेल तिथे तेल सोडून रात्रभर थांबणं शहाणपणाचं; त्यातही डब्ल्यूडी ४० मूळचं १९५३मधलं, पाणी हटवण्यासाठी काढलेलं. गंजात शिरायला रस्टोलीनसारखं तेल बरं. तुमच्या कामाला मात्र उष्णता हवी.

कारण सोपं आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून स्क्रूला नाही, स्क्रूभोवतालच्या कव्हराला शेक द्यायचा. टाकी उतरवून लांब ठेवा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढा, गिअरबॉक्सचं ऑइल काढा. मग हॉट एअर गनने सावकाश तापवा. पाण्याचा थेंब टाकला की चर्र वाजून उडाला पाहिजे, तेवढं पुरे. वेल्डिंगवाल्याची बत्ती इथे नको. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि लोखंडासारखं लाल होऊन आधी इशारा देत नाही. बघता बघता कोपरा खाली ओघळतो. किकच्या शाफ्टचं ऑइल सील या शेकात खराब होऊ शकतं, ते नवीन आणूनच ठेवा.

आता ड्रायव्हर. तोंडं गोल होण्यात गंजाइतकाच याचा दोष आहे. ६ मिलिमीटरच्या स्क्रूला ३ नंबरचं स्टार तोंड लागतं. घराघरात असतो तो २ नंबरचा. तो आत जातो, फिरतो आणि खाच खरवडून बाहेर येतो. शिवाय जपानी गाड्यांच्या स्टार खाचेची घडण थोडी वेगळी असते. बऱ्याचदा स्क्रूच्या डोक्यावर बारीक ठिपका दिसतो, ती तिची खूण. साध्या स्टार ड्रायव्हरचं टोक त्यात आधीच तळाला टेकतं आणि कडांना पकडच येत नाही. जपानी मापाचं ३ नंबर तोंड ऑनलाइन मिळतं, हार्डवेअरवाल्याकडे मागितलंत तर तो तुमच्याकडेच बघेल.

दाभणाने खाच कोरून स्वच्छ करा. चिखल, रंग, जुनं ग्रीस, काही ठेवू नका. तोंड बसवा आणि हातोडीचा एक सरळ, ठणठणीत घाव स्क्रूवर घाला. या घावाने आतली भुकटी तडकते. मग इम्पॅक्ट ड्रायव्हर. हे हातोडीने ठोकायचं अवजार, मारलं की दाबतं आणि त्याच क्षणी थोडं फिरवतं. ते सैल करण्याच्या बाजूला लावलंय का, हे पहिल्या घावाआधी बघा. नाहीतर स्क्रू अजून घट्ट होतो आणि शिव्या मला बसतात. हातोडी किलोभर वजनाची घ्या. हलक्या हातोडीच्या टिचक्यांनी खाच तेवढी खराब होते.

जे दोन स्क्रू गोल झालेत त्यांच्या डोक्याच्या कडेला छन्नीने खाच पाडून, तिरपी धरून, डावीकडे ठोकून बघता येईल. मेकॅनिकला तेवढी परवानगी द्या. नाही जमलं तर डोकंच उडवा. मधोमध पंच मारा, ३ मिलिमीटरने भोक, मग ६ने. ड्रिल डोक्याची जाडी संपवून खाली उतरला की डोकं चकतीसारखं गळून पडतं. घाबरू नका, यात नुकसान काही नाही. ताण डोक्यामुळे असतो. डोकं गेलं की ताण गेला. बाकीचे स्क्रू काढून कव्हर प्लॅस्टिकच्या हातोडीने कडेने ठोकत सोडवा, सांध्यात ड्रायव्हर घालून उचकटू नका. कव्हर निघाल्यावर त्याच्या जाडीएवढा बुंधा बाहेर उभा राहील. शेक द्या, व्हाइस ग्रिपने (लॉक होणाऱ्या पकडीने) धरा, आधी किंचित पुढे, मग मागे. बहुतेक वेळा तो निमूटपणे येतो.

आणि हो, सगळे स्क्रू एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कव्हराचं चित्र काढून जिथला स्क्रू तिथे टोचा. लांब स्क्रू आखूड जागी आवळला तर तळाला टेकून चेंबर फोडतो, आखूड स्क्रू लांब जागी गेला तर दोन आट्यांवर लटकतो आणि ते आटे घेऊनच निघतो.

प्रश्न : काका, मी आयटीआयला आहे. आजोबांच्या सीडी १०० मोटरसायकलच्या हेडमध्ये बेंड पाइपचा (सायलेन्सरच्या नळीचा) ६चा स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, तुटला. यूट्यूबवर बघून भोक पाडलं, ईझी आउट घातला, तो आतच मोडला. आता साधा ड्रिल नुसता घसरतो. हेड गेलं का?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : हेड गेलं नाही पोरा. पण आता ड्रिल बंद कर, कारण तो घसरून शेजारचं मऊ ॲल्युमिनियम खाईल.

झालं काय ते समजून घे. ईझी आउट म्हणजे उलट्या पिळाची निमुळती सळई, कडक आणि ठिसूळ. ती भोकात जितकी रुतते तितकी स्टडला आतून फुगवते, म्हणजे जाम स्टड अजून जाम. वरून पिळायला मागते तो जोर ६च्या स्टडमध्ये मावणाऱ्या बारक्या सळईला झेपत नाही. जो स्टड पान्याच्या जोराने तुटला, तो त्याहून नाजूक अवजाराने निघेल असं समजणंच चूक. बोल्ट जाम नसेल, नुसतं डोकं तुटलं असेल, तिथे हे अवजार छान चालतं. माझ्या पेटीत ते आहे आणि बहुधा पेटीतच राहतं.

आता हेड उतरव आणि स्पार्क इरोजनवाल्याकडे ने. सांगलीहून कोल्हापूर लांब नाही. उद्यमनगरात किंवा शिरोली एमआयडीसीत चौकशी कर. मोडलेले टॅप (आटे पाडायचं अवजार) काढणं हे त्यांचं नेहमीचं काम आहे. तांब्या-पितळेची सळई, तेलात बुडवलेलं काम आणि मधे ठिणग्या. ठिणगीला धातू कडक की मऊ याच्याशी देणंघेणं नसतं, ती कण कण जाळत जाते. आट्यांपेक्षा बारीक सळई लावली तर तुझे आटे शाबूत राहतात. दर आधी विचार, आणि व्हॉल्व्ह काढून मोकळं हेड घेऊन जा.

पुढच्या वेळेसाठी दोन गोष्टी. स्टडचा तुकडा थोडा वर असेल किंवा सपाट तुटला असेल, तर त्यावर ८चा नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्डिंग भरायचं. वेल्डिंगच्या तापाने तुकडा फुगतो, गार होताना आकसतो, आट्यांतली पकड सुटते. आणि पाना लावायला नट आयताच मिळतो. मात्र ती जागा ब्रेक क्लीनरने धुवून लगेच वेल्डिंग करू नकोस. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीन असतं आणि आर्कखाली त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. दुसरी गोष्ट, भोक पाडायचंच असेल तर डाव्या पिळाचा ड्रिल आण आणि मशीन उलटं फिरव. पुष्कळदा ड्रिलच तुकड्याला धरून बाहेर आणतो. नाही आला तर ३, ४, ५ असं वाढवत जा. ६चा आटा पाडण्याआधी भोक ५चं असतं, म्हणजे ५ला पोचलास की उरते ती नुसती आट्यांची साल, ती सुईने उचलता येते. हे सगळं पहिला पंच बरोबर मधोमध बसला तरच. तिथे घाई केलीस तर पुढे हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवायची तयारी ठेव.

प्रश्न : आमच्या जुन्या बुलेटवर १३चा पाना बसत नाही, १४चा घसरतो. नटांचे कोपरे गोल व्हायला लागलेत. नट फुगलेत का?
— एक वाचक, कराड

उत्तर : नट ठीक आहेत, पत्ता चुकलाय. जुन्या बुलेटचं घराणं इंग्रजी आणि नट इंची मापाचे. पाव इंच व्हिटवर्थचा (हे जुनं इंग्रजी माप) पाना म्हणजे ०.५२५ इंच, मिलिमीटरमध्ये १३.३. तुमच्या १३ आणि १४च्या मधे तो असा बसतो. ३/१६चा येतो ११.३, ५/१६चा १५.२. पान्यावर ‘डब्ल्यू’ किंवा ‘बीएस’ अक्षरं कोरलेली असतात. तो अपूर्णांक बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नाही, म्हणून टेप लावून मोजायला जाल तर गोंधळाल. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी गंजलेल्या ढिगात असे पाने सापडतात. ते चांगल्या पोलादाचे असतात, घासून घ्या. रिंग किंवा सहा कोपऱ्यांचं सॉकेट मिळालं तर सर्वांत बरं. बारा कोपऱ्यांचं सॉकेट झिजलेल्या नटावर लावू नका.

गोल झालेला नट पोलादी स्टडवर असेल तर तेल सोडा, रात्रभर थांबा, दुसऱ्या दिवशी परत सोडा. तरीही ऐकेना तर नटाची एक बाजू कानसीने किंवा एक्सॉ ब्लेडने स्टडला न लागता कापा. नट बाजारात मिळतो, स्टडसाठी लेथवाल्याच्या दारात उभं राहावं लागतं.

प्रश्न : तुरटीच्या पाण्यात उकळलं तर तुटलेला बोल्ट विरघळतो, असं एका घड्याळजींनी सांगितलं. खरं की थाप?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : खरं आहे, आणि युक्ती घड्याळजींचीच. पितळी प्लेटमध्ये तुटलेला बारीक पोलादी स्क्रू ते असाच घालवतात. तुरटीचं गरम, दाट द्रावण पोलाद खातं आणि पितळेला हात लावत नाही. ॲल्युमिनियमही त्यात बऱ्यापैकी तग धरतं, म्हणून मोकळ्या साइड कव्हरात तुटलेल्या स्क्रूला हा उपाय चालतो. भांडं काचेचं किंवा ॲल्युमिनियमचं घ्या, स्टीलचं नको. मंद आच, पाणी आटेल तसं भरत राहायचं, आणि धीर. घड्याळाचा स्क्रू आणि गाडीचा स्क्रू यांच्या जाडीत फरक आहे, तेवढाच वेळेतही पडतो.

पण अख्खं हेड किंवा चेंबर त्यात बुडवू नका. हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट आणि गाइड दाबून बसवलेल्या असतात, चेंबरमध्ये बेअरिंग आणि पिना. तुरटीला तुमचा तुटका बोल्ट कोणता हे कळत नाही. सांगलीच्या पोराला मी हा उपाय सांगितला नाही तो यासाठीच.

प्रश्न : सगळे स्क्रू काढून झाले. आता स्टेनलेसचे ॲलन बोल्ट टाकू का? दिसायला छान दिसतात.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : टाका, पण कोरडे नको. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमचं साध्या पोलादापेक्षाही वाईट जमतं. आटे ब्रशने साफ करून ६च्या टॅपचा हलका हात फिरवा, बोल्टला कॉपर ग्रीस किंवा निदान साधं ग्रीस लावा. बाहेरच्या बाजूला चिखल-पाणी बसतं तिथे दर पावसाळ्यानंतर एकदा बघा. मला विचाराल तर झिंक चढवलेले साधे ॲलन बोल्ट पुरतात. ५ची ॲलन की लागते, तोंड गोल होत नाही.

आवळताना मात्र ॲलन कीला पाइप लावू नका. ६च्या बोल्टला साधारण एक किलोग्रॅम-मीटर टॉर्क (पिळण्याचा जोर) पुष्कळ झाला, आणि ग्रीस लावलेल्याला त्याहून थोडा कमीच. आखूड दांडी हातात धरून मनगटाने आवळा, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने. पॅकिंग नवीन घाला, जुन्यावर सिलंट थापून वेळ मारून नेऊ नका.