साठेखतातले साठे कोण?

प्रश्न असा आला आहे: "वडिलांच्या कपाटात १९८९ सालचं एक 'साठेखत' सापडलं, गावाकडच्या दीड एकराचं. यातलं 'साठे' म्हणजे साठा का? आणि खत म्हणजे काय? मोठा भाऊ म्हणतो, साठेखत आणि खरेदीखत एकच, जुन्या लोकांचा शब्द वेगळा एवढंच. एकच असेल तर दोन शब्द कशाला?"

माझे वडील तहसील कचेरीसमोर टेबल टाकून बसणारे बाँडरायटर, म्हणजे स्टँपपेपरवर दस्त लिहून देणारे. त्यांच्याकडे एकदा एक म्हातारे गृहस्थ कागद वाचून घ्यायला आले होते. पहिली ओळ ऐकताच त्यांनी हात वर केला. "थांबा. जमीन पाटलांची, घेणार मी. मग यात साठ्यांचं खत कशाला?" वडील हसले नाहीत. त्यांनी काय समजावलं ते मला तेव्हा कळलं नाही, पण "साठे कोण?" हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. तेव्हा तुम्ही एकटे नाही.

आधी 'खत'. शेणखताशी याचा संबंध नाही, तो वेगळ्या मुळाचा शब्द. कागदातलं खत अरबी 'ख़त्त'वरून, फारसीच्या वाटेने आलं. मूळ अर्थ रेघ, त्यावरून हस्ताक्षर, त्यावरून लिहिलेला कागद. हिंदी-उर्दूत तो चिठ्ठीपाशी थांबला, मराठीत सावकाराच्या पेटीत जाऊन बसला. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात, ती हीच खतं. 'दस्तखत' म्हणजे हाताचं लिखाण, सही. यातला फारसी 'दस्त' आणि संस्कृत 'हस्त' एकाच घराण्यातले सख्खे शब्द आहेत, म्हणून 'दस्त' आणि 'हस्तांतरण' एका वाक्यात आले की मला दोन दुरावलेले भाऊ शेजारी बसल्यासारखं वाटतं. घेणं फिटल्याच्या कागदाला 'फारखत' म्हणत.

अजून एक बघा. गहाणखत, खरेदीखत, साठेखत. पण बक्षीसपत्र, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र, वाटणीपत्र. जिथे पैशाचं देणंघेणं रोखठोक, तिथे बहुधा खत. जिथे घरातल्या घरात किंवा मायेने काही दिलं-सोडलं, तिथे पत्र. हा नियम नाही, अपवाद भरपूर सापडतील. पण बाजाराचे शब्द फारसीतून आणि घरचे संस्कृतातून आले, एवढं यातून दिसतं.

आता 'साठे'. माझं म्हणणं सरळ आहे: हा शब्द मुळात 'साटेखत' आहे, ट चा. साटं म्हणजे अदलाबदल, सौदा, बोली. 'साटेलोटे' आपण अजून वापरतो, पण आता फक्त पुढारी आणि बिल्डर यांच्याबद्दल. पूर्वी साटंलोटं म्हणजे तुमची मुलगी आमच्या घरात, आमची तुमच्या. राजस्थानात अशा लग्नांना 'आटा-साटा' म्हणतात. आणि सगळ्यात बोलका पुरावा शेजारच्या गुजरातीत आहे. तिथे जमिनीच्या विक्रीच्या कराराला आजही 'साटाखत' म्हणतात, स्वच्छ ट घालून. (दुसरा शब्द 'बानाखत'. बाना म्हणजे आपला बयाणा.) हिंदीतला सट्टाही याच कुळातला असावा असं मला वाटतं. आज तो जुगार झाला असला तरी चंपारणच्या निळीच्या मळेवाल्यांनी कुळांकडून लिहून घेतलेल्या करारांना 'सट्टा'च म्हणत.

मग ट चा ठ झाला कसा? साटं एकटं बोलण्यातून गेलं, साठा राहिला. अर्थ हरवलेला शब्द जवळच्या ओळखीच्या शब्दाकडे झुकतो. शिवाय हा बदल मराठीने दुसरीकडेही केला आहे. आपलं रोजचं शब्दयोगी अव्यय 'साठी' जुन्या मराठीत 'साटीं' असं सापडतं, अर्थ 'च्या बदल्यात'. 'तुझ्यासाठी' या शब्दाच्या पोटात एक जुना सौदा आहे, हे प्रेमपत्र लिहिणाऱ्यांना न सांगितलेलं बरं.

तर साटेखत म्हणजे सौद्याचं लिखाण. अमुक किमतीला, अमुक मुदतीत, अमुक गोष्टी पुऱ्या झाल्या की मी तुला विकीन, तू घेशील. विकलं असं त्यात नाही. क्रियापद बघा: खऱ्या साठेखतात 'देईन', 'करून देण्याचे ठरले आहे' अशी भविष्याची भाषा असते. खरेदीखतात 'दिली असे', 'ताबा दिला असे'. वकिलाकडे जाण्याआधी कागदातली क्रियापदं वाचा, असं मी प्रत्येकाला सांगतो.

कायदाही हेच म्हणतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२चा, त्याचं कलम ५४. किमतीच्या मोबदल्यात मालकीचं हस्तांतरण ती विक्री, आणि विक्रीच्या करारातून त्या मिळकतीत आपोआप कोणताही हितसंबंध किंवा बोजा निर्माण होत नाही. शंभर रुपये आणि त्याहून जास्त किमतीची स्थावर मिळकत विकायची तर नोंदणीकृत दस्तच लागतो. १८८२ सालचे शंभर रुपये, आकडा तोच राहिला, म्हणून आज गुंठाभर जमीनही त्यातून सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हेच ठासून सांगितलं: साठेखत, कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) आणि मृत्युपत्र असा तिघांचा गठ्ठा करून केलेल्या व्यवहाराने मालकी जात नाही. तेव्हा भावाला सांगा, दोन शब्द आहेत कारण दोन गोष्टी आहेत.

साठेखताच्या वेळी जी रक्कम हातावर ठेवतात ती इसार, कुठे विसार म्हणतात. याला जुना मराठी शब्द होता संचकार, संस्कृत सत्यंकारावरून. शब्द खरा करण्यासाठी दिलेले पैसे! याज्ञवल्क्यस्मृतीत सत्यंकार म्हणून घेतलेलं द्रव्य दुप्पट परत करायला लावण्याचा नियम आहे. आजही गावाकडे 'देणारा फिरला तर दुप्पट' अशी बोली होते तेव्हा ती कुठून आली याचा पत्ता बोलणाऱ्यांना नसतो.

आता खरेदीखत. माझ्या मते मराठीतला सगळ्यात चविष्ट दस्त हाच. सुरुवातीला लिहून घेणार, लिहून देणार यांची नावं, आणि मग 'कारणे कायम खूष खरेदीखत लिहून देतो ऐसा जे'. हे 'ऐसा जे' बोलीतून केव्हाच गेलं, बखरीतून निघून स्टँपपेपरवर येऊन बसलं आहे. यात 'कायम' आणि 'खूष' ही विशेषणं शोभेची नाहीत. 'कायम' आहे कारण 'मुदत खरेदी' नावाचा प्रकार होता आणि आहे: पाच वर्षांत पैसे परत दिले तर जमीन परत, नाहीतर खरेदी पक्की. दिसायला विक्री, आतून गहाण. त्याच १८८२च्या कायद्याच्या कलम ५८ने त्याला गहाणाच्या पंगतीत बसवलं आणि १९२९च्या दुरुस्तीने सांगितलं की परतीची अट त्याच दस्तात असली पाहिजे, वेगळ्या चिठोऱ्यावर चालणार नाही. म्हणजे 'कायम' हा एक शब्द लिहून देणाऱ्याला बजावतो की परतीची आशा नाही. 'खूष' म्हणजे स्वखुशीने, जप्ती-लिलावातली विक्री नव्हे. काही दस्तांत 'कायम फरोक्त खरेदीखत' असतं. फरोख्त हा फारसीत विकणं, खरीद म्हणजे घेणं. अर्थात 'विक्री घेणेखत'. लिहिणाऱ्याला ही द्विरुक्ती वाटली नाही, कारण एका हाताने दिल्याशिवाय दुसऱ्या हाताने घेणं होत नाही.

पुढे चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचं रान, पश्चिमेस ओढा. आणि मग तो गजर: 'जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह, तदंगभूत वस्तूंसह, दरोबस्त'. वडील हे एका दमात म्हणत, आरतीसारखं. हे शब्द शिलालेख-ताम्रपटांपासून चालत आले आहेत. निधी म्हणजे जमिनीत पुरलेलं धन, निक्षेप म्हणजे ठेव. शेवटी फारसी 'दरोबस्त', म्हणजे सगळंच्या सगळं. दान देणारा राजा गेला, वतनदार गेले, पण गुंठेवारीतल्या प्लॉटच्या दस्तातही अजून पाषाण आणि निधी लिहून दिला जातो. प्लॉटवर असतो एक विजेचा खांब.

शहरातल्या लोकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे 'फ्लॅटचं ॲग्रीमेंट झालं' म्हणजे काम फत्ते असं समजतात. बिल्डरकडून घेताना होतो तो करारच, शब्दशः साटं. १९६३च्या महाराष्ट्राच्या सदनिका कायद्याने तो लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं केलं. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्यामुळे आता किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी तो नोंदवावा लागतो. पण इमारत आणि खालची जमीन सोसायटीच्या नावावर व्हायची असते ती वेगळ्या दस्ताने. त्याला सरकारी मराठीत 'अभिहस्तांतरण' म्हणतात आणि बिल्डरने केलंच नाही तर सक्षम अधिकाऱ्याकडून करून घ्यायचं ते 'मानीव अभिहस्तांतरण'. हा शब्द सोसायटीच्या सभेत कोणी अडखळल्याशिवाय उच्चारल्याचं मी ऐकलेलं नाही. सगळे 'डीम्ड' म्हणतात आणि पुढचं गिळतात. इथे मला परिभाषा घडवणाऱ्यांचा थोडा राग आहे. खरेदीखत हा शब्द शेतकऱ्याला कळतो; 'अभिहस्तांतरण' पदवीधरालाही कळत नाही.

मुद्रांक शुल्काची तऱ्हा आणखी न्यारी. ताबा दिलेलं, किंवा देण्याचं कबूल केलेलं साठेखत असेल तर महाराष्ट्रात त्याला खरेदीखताइतकंच शुल्क लागतं. तिजोरीच्या लेखी विक्री झाली, मालकीच्या लेखी नाही. पुढे खरेदीखत होताना भरलेलं शुल्क वळतं होतं, एवढाच दिलासा.

तुमच्या कागदाकडे येतो. मी वकील नव्हे, तेव्हा हे वाचून वकिलाकडे जाच. पण जाण्याआधी तीन गोष्टी कागदावर शोधा. एक, मागच्या बाजूला दुय्यम निबंधकाचे शिक्के आणि दस्त क्रमांक आहे का. दोन, ताबा: 'दिला असे' की 'देऊ'. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ५३अ आहे ते याच्यासाठी. लेखी करारावरून ताबा घेतला असेल आणि घेणाऱ्याने आपली बाजू पाळली असेल, किंवा पाळायला तयार असेल, तर देणाऱ्याला त्याला हुसकता येत नाही. २००१च्या दुरुस्तीनंतर यासाठी साठेखत नोंदणीकृत लागतं. तुमचं त्याआधीचं आहे. तीन, खरेदीखत करून देण्याची मुदत. करार पुरा करून मागण्याचा दावा त्या तारखेपासून तीन वर्षांत लावायचा असतो, तारीखच लिहिलेली नसेल तर देणाऱ्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. दाव्याची मुदत गेली तरी ताब्याचा बचाव उरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलं आहे. पण ताबा टिकणं आणि मालक होणं या दोन गोष्टी आहेत.

आणि सातबारा काढा. भाऊ म्हणेल, सातबारावर वडिलांचं नाव असलं की झालं. तसंही नाही. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, दोन नमुने एका कागदावर आले म्हणून सातबारा. फेरफार नोंदवून तिथे नाव चढतं. ती नोंद चूक ठरेपर्यंत खरी धरतात, पण मुळात ती महसूल वसुलीसाठी आहे, तिने मालकी जन्माला येत नाही. मालकी खतात, नोंद उताऱ्यात. गोव्याच्या सीमेपलीकडे गेलात तर याच कामाला 'फॉर्म एक-चौदा' म्हणतात, पण गैरसमज तोच. इतर हक्कांचा रकानाही वाचा. पुष्कळदा साठेखताचा किंवा बँकेच्या बोज्याचा उल्लेख तिथे एका ओळीत पडून असतो आणि कोणाची नजर तिकडे जात नाही.

लिहिताना ट की ठ? आता 'साठेखत' रुळलं आहे. कचेरीत, वकिलांच्या तोंडी, छापील नमुन्यांत बहुतेक तेच दिसतं, ते चूक म्हणून कोणाचा कागद परत पाठवू नये. मी स्वतः 'साटेखत' लिहितो आणि दरवेळी कोणीतरी त्यावर पेनने ठ करून देतं. वडीलही ट लिहीत. तुमचा १९८९चा कागद हाताने लिहिलेला असेल तर भिंगाखाली धरून बघा आणि कळवा. त्या पिढीतले किती बाँडरायटर ट काढत, हे मला खरंच मोजायचं आहे.