स्थानिक कॉफी रोस्टर बिया कशा भाजतात? चांगला रोस्टर ओळखायचा कसा?

तुमचा तिसरा उपप्रश्न आधी उरकून टाकते: काळी भाजलेली कॉफी जास्त कडक असते का? नाही. जास्त कडू असते. भाजताना कॅफीन फारसं उडत नाही. बी मात्र फुगते आणि हलकी होते, त्यामुळे चमच्यानं मोजलंत तर काळ्या कॉफीच्या बिया कमी येतात आणि काट्यावर मोजलंत तर जास्त. एवढाच काय तो फरक.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंय की तुमच्या ओळखीतला रोस्टर म्हणतो, ‘मी घड्याळ बघत नाही, वासावर बॅच काढतो’, आणि ते ऐकून तुम्ही भारावून गेलात. खरं सांगू? हे वाक्य वाचलं नसतं तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते.

मी दोन वर्षं एका छोट्या रोस्टरीत काम केलं. मालकांना सगळे दादा म्हणायचे. आलेल्या प्रत्येक माणसाला दादा नाकाला बोट लावून सांगायचे, ‘हे आपलं थर्मामीटर.’ माणसं खूश व्हायची. मी मागे उभी राहून वहीत वेळ लिहायची.

आमचं यंत्र म्हणजे पाच किलोचा ड्रम. खाली गॅसचा बर्नर, मागे धूर ओढणारा पंखा, पंख्यापुढे फोलपटं अडवणारा डबा आणि तिथून वर गेलेला धुराड्याचा पाइप. ड्रम 200 अंशांपर्यंत तापला की वरून कच्च्या बिया सोडायच्या. पडद्यावरचा आकडा धाडकन खाली येतो, शंभराच्या आसपास घुटमळतो आणि पुन्हा चढायला लागतो. नवशिक्यांना वाटतं, बी इतकी थंड झाली! बी कसली थंड होतेय, ती तर खोलीच्या तापमानालाच आत पडली होती. गार बियांत बुडालेल्या प्रोबचा, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सळईचा, आकडा तेवढा खाली येतो.

पहिली काही मिनिटं नुसतं पाणी जातं. कच्च्या बीत 10 ते 12 टक्के पाणी असतं. ट्रायर, म्हणजे चालू ड्रममधून थोड्या बिया बाहेर काढून बघायचा लांबट चमचा, ओढून नाकाशी धरला तर ओल्या गवताचा वास येतो, थोडासा गोणपाटाचाही. 150 अंशांच्या सुमारास बी पिवळी पडते आणि वास एकदम भाजलेल्या धान्यासारखा होतो. मला हा टप्पा सगळ्यात आवडायचा. मग रंग तपकिरीकडे झुकतो, बीवरची पातळ साल सुटून पंख्याकडे उडायला लागते, बी सुरकुतलेली, कुरूप दिसते. आणि 196 ते 205 अंशांच्या दरम्यान कधीतरी ‘तट्’ असा आवाज येतो. एकच. मग थोडी शांतता, मग दोन-तीन, आणि मग लाह्या फुटाव्यात तशी तडतड. आतली वाफ आणि वायू बीला फोडून बाहेर पडतात. हा फर्स्ट क्रॅक. इथून पुढे कॉफी पिण्याजोगी असते. किती पुढे न्यायची, हा रोस्टरचा निर्णय. तसंच नेत राहिलात तर 225 च्या आसपास दुसरी, बारीक, चुरचुरणारी तडतड सुरू होते, धूर दाटतो आणि बीवर तेल यायला लागतं.

काढलेल्या बिया लगेच गार कराव्या लागतात. चार-पाच मिनिटांत नाही झाल्या तर ट्रेमध्येसुद्धा आतल्या आत भाजल्या जातात. योग्य क्षणी थांबवणं हे या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. 1864 साली अमेरिकेतल्या जाबेझ बर्न्सनं ज्या यंत्राचं पेटंट घेतलं त्याचं वैशिष्ट्य हेच होतं की ड्रम आगीवरून न उचलता बिया बाहेर काढता यायच्या. त्याआधी अख्खा तापलेला ड्रम ओढून काढायचा, आणि तोवर आतलं भाजणं चालूच.

आता दादांच्या नाकाची गोष्ट.

एका नेहमीच्या गिऱ्हाइकानं आठ किलो मागवली. भाजताना वजन घटतं. आमच्या मध्यम रोस्टला साडेचौदा टक्क्यांच्या आसपास घट यायची, म्हणजे चार किलो कच्ची घातली की 3.420 किलो हातात. आम्ही पाच किलोच्या ड्रममध्ये चारच किलो भाजायचो, कारण आमचा बर्नर त्याहून जास्त ओढू शकत नव्हता. या हिशेबानं आठ किलोला तीन बॅचेस लागल्या असत्या. दादांना त्या दिवशी बाहेर जायची घाई होती. म्हणाले, ‘पाच-पाच घाल, दोनमध्ये उरकेल.’

मी म्हटलं, ‘दादा, बर्नरला झेपणार नाही.’

‘तू घाल गं. मी उभा आहे ना.’

घातली. गॅस पूर्ण उघडला तरी आकडा गोगलगाईसारखा चढत होता. एरवी पावणेनऊ-नऊ मिनिटांना येणारा फर्स्ट क्रॅक तेरा मिनिटं दहा सेकंदांना आला. तोही मरगळलेला, एकसलग तडतड नाहीच. दादा ट्रायर ओढून वास घेत होते, रंग बघत होते. पंधरा मिनिटं चाळीस सेकंदांना म्हणाले, ‘काढ. झकास.’ मी वजन केलं: आत 5.000, बाहेर 4.235. घट 15.3 टक्के. रंग नेहमीचा. दुसरी बॅचही तशीच गेली.

नीट बघा, गोम इथेच आहे. रंग बरोबर, वजनाची घट जवळपास बरोबर, वासही बरा. फक्त वेळ चुकलेली. उष्णता कमी पडली आणि बी रेंगाळत रेंगाळत त्या रंगाला पोचली की तिला आमच्या भाषेत ‘बेक्ड’ म्हणतात. दिसायला निरोगी, चवीला मेलेली. आंबटपणा निस्तेज, गोडवा गायब, ओला पुठ्ठा चघळल्यासारखं काहीतरी जिभेवर उरतं. चांगली कॉफी कप कोमट होत जाईल तशी जास्त गोड लागते, ही मात्र उलट आणखी बेचव होत जाते.

चौथ्या दिवशी सगळी ऑर्डर परत आली. सोबत निरोप: ‘कॉफीला चवच नाही.’

दादा माझ्यावर उखडले. दोन पोरांसमोर. ‘क्रॅकच्या वेळी गॅस कमी केला असशील. मी पाठ वळवली की तुमचं हे असं.’ मी वही आणून समोर ठेवली. प्रत्येक तीस सेकंदांचा आकडा, गॅस कधी किती, सगळं. त्यांनी वहीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, ‘लोक कॉफी पितात की तुझी वही?’

मग त्यांनी जे केलं त्याचा मला आजही राग आहे. पुढचे दोन महिने त्या गिऱ्हाइकाचा माल दुसऱ्या क्रॅकपर्यंत नेऊन काळा करून द्यायला सांगितला. ‘काळ्यात काही कळत नाही.’ आणि खरंच कळत नाही. एका मर्यादेपलीकडे तुम्ही बीची चव पीत नाही, भाजण्याची पिता. बागेत कुणी पिकवली, किती उंचीवर, कशी वाळवली, सगळं धुराखाली जातं. गिऱ्हाईक खूश झालं, हे त्याहून वाईट. दादा मला ऐकवत राहिले, ‘बघ, नाक चुकत नाही.’

नाक चुकतं. सर्दी झाली की चुकतं, सलग सहा बॅचेस भाजल्या की दमतं, आणि समोर गिऱ्हाईक कौतुकानं बघत असलं की सगळ्यात जास्त चुकतं. नाक नको असं मी म्हणत नाही, वास आणि आवाज नसतील तर आकडेही आंधळेच. पण नाकाला कालचं आठवत नाही. कालची कॉफी अप्रतिम झाली आणि ती का झाली हे लिहून ठेवलं नाही, तर ती लॉटरी होती. ‘आर्टिसन’सारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, प्रोब जोडला की आलेख आपोआप उमटतो. तेवढंही नको तर चाळीस पानी वही आणि पेन्सिल. हेसुद्धा ज्याला जमत नाही त्यानं स्वतःला कलाकार म्हणवून घेऊ नये.

तर ओळखायचं कसं. रोस्टरीत जा आणि विचारा, ‘कालच्या बॅचमध्ये घट किती आली? क्रॅक किती मिनिटांना?’ जो वही उघडतो किंवा स्क्रीन फिरवून दाखवतो त्याच्याकडून घ्या. जो हसून नाकाला बोट लावतो त्याच्याकडे चहा प्या आणि निघा. पाकिटावर भाजल्याची तारीख हवीच. आणि मूठभर बिया पांढऱ्या कागदावर पसरून बघा: सगळ्या तपकिरी असताना मधूनच फिकट, शेंगदाण्याच्या रंगाच्या दिसल्या तर त्या कच्च्या फळांतल्या बिया. त्या कितीही भाजल्या तरी रंग धरत नाहीत. त्या निवडून काढायला वेळ लागतो, आणि दुकानदारानं तो वेळ दिला की नाही हे तुम्हाला घरबसल्या कळतं. टोकांना काळे ठिपके असतील तर सुरुवातीची उष्णता जास्त झाली. बेक्ड मात्र डोळ्यांनी ओळखू येत नाही, ती प्यावीच लागते. कोमट होईपर्यंत.

छोटा रोस्टर मोठ्या कंपनीपेक्षा चांगलाच असतो हाही गैरसमज काढून टाका. मोठ्या कारखान्यांत कधीकधी पाच मिनिटांच्या आत भाजणं उरकतं, पाण्याचा फवारा मारून बिया गार करतात, आणि तरी बाराही महिने चव तीच राहते, कारण तिथे प्रत्येक गोष्ट मोजली जाते. छोट्याकडे दोनच जमेच्या बाजू: ताजेपणा, आणि एकाच बागेची कॉफी तिच्या कलानं भाजायची मोकळीक. त्यानं मोजणंच सोडलं तर यातली दुसरी गेली.

घरी भाजता येईल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. येईल. धूर होईल, सालं घरभर उडतील, पहिल्या चार बॅचेस फेकाव्या लागतील. त्यावर पुन्हा कधीतरी.

काळ्या रोस्टबद्दल वर जरा जास्तच बोलले. दुधात मुरवून पिणाऱ्याला हलका रोस्ट आंबट आणि पाणचट लागतो, आणि काळं नीट भाजणं सोपं नाही. शेवटची तीस सेकंदं चुकली तर कोळसा. दोष लपवायला काळं करणं वेगळं आणि काळं हवं म्हणून काळं करणं वेगळं. शिवाय पाच किलोच्या ड्रममध्ये पाच किलो घालू नये हा काही नियम नाही. बर्नर दणकट असेल तर खुशाल घाला.

आणि एक राहिलं. ऑर्डर परत आल्यावर दोन आठवड्यांनी मी धुराड्याचा पाइप उघडला. आत बोटभर काळा चिकट थर आणि अर्धी बादली फोलपटं निघाली. पाइप चोंदला की हवा ओढली जात नाही, बियांना मिळायची ती गरम हवा कमी पडते, क्रॅक लांबतो. महिन्याची सफाई माझ्याकडे होती आणि त्या महिन्यात मी ती पुढे ढकलली होती. वही मागे उलटून पाहिली. त्या ऑर्डरच्याच आठवड्यातल्या चार किलोच्या, नेहमीच्या बॅचेस: क्रॅक 8 मिनिटं 50 सेकंदांना, मग 9 मिनिटं 20 ला, मग 9 मिनिटं 40 ला. माझ्याच अक्षरात.

पाच किलोचा निर्णय दादांचाच होता, त्यात बदल नाही. पण ती पानं मी त्यांना दाखवली नाहीत. नोकरी सोडताना वही सोबत घेऊन आले.