भाग्येशच बाधकेश असेल तर?

प्रश्न : माझा जन्म १९९४ चा. वृषभ लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास), २८ अंश. दशमात कुंभेचा शनी. नुकतीच शनीची महादशा, म्हणजे त्याच्या अमलाचा १९ वर्षांचा काळ, लागली आहे. एका ज्योतिषांनी सांगितलं, "शनी तुमचा बाधकेश. आता १९ वर्षं हात घालाल तिथे अडेल." मला नोकरी बदलायची आहे, घरात विवाहाची बोलणीही चालू आहेत. दोन्ही थांबवू का?

उत्तर : नाही, काहीच थांबवू नका. तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं. एका शब्दावर कुणाची १९ वर्षं अशी मोडीत काढू नयेत.

बाधकस्थानाचा, म्हणजे अडथळा आणणाऱ्या स्थानाचा, नियम सोपा आहे. चर लग्नाला (मेष, कर्क, तूळ, मकर) अकरावं स्थान बाधक, स्थिर लग्नाला (वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ) नववं, द्विस्वभाव लग्नाला (उरलेल्या चार राशी) सातवं. त्या स्थानाचा स्वामी तो बाधकेश. वृषभ स्थिर रास, तिच्यापासून नववी मकर, म्हणून शनी बाधकेश. इथवर त्या ज्योतिषांचं बरोबर आहे. पण हाच शनी वृषभ लग्नाला नवम (भाग्यस्थान, म्हणून तो भाग्येशही) आणि दशम, म्हणजे त्रिकोण (१, ५, ९) आणि केंद्र (१, ४, ७, १०), दोन्हींचा स्वामी होऊन योगकारक, म्हणजे विशेष शुभ, ठरतो. सिंहेला मंगळ आणि कुंभेला शुक्र असेच दुहेरी भूमिकेत असतात. अर्धाच नियम सांगून माणसाला घाबरवणं मला अजिबात पटत नाही.

बाधकाचा सविस्तर विचार येतो तो 'प्रश्नमार्ग' या केरळातल्या १६४९ च्या ग्रंथात, आणि तोही मुख्यतः प्रश्नकुंडलीच्या, म्हणजे प्रश्न विचारला त्या क्षणाच्या कुंडलीच्या, संदर्भात. आजार किंवा संकट कशामुळे आलं, देवतेचा कोप आहे की पितरांचा, हे शोधण्यासाठी तिथे बाधक पाहतात. जन्मपत्रिकेत मी तो जरूर पाहते, पण स्वामित्व, बल आणि स्थिती पाहून झाल्यावर. बाधकेश षष्ठेश, अष्टमेश, व्ययेश (सहाव्या, आठव्या, बाराव्या स्थानांचे स्वामी) किंवा मारकेशाशी (दुसऱ्या किंवा सातव्या स्थानाचा स्वामी) जोडला गेला असेल, तर मात्र मी त्याला वजन देते.

तुमचा शनी दशमात, म्हणजे कर्मस्थानात, स्वराशीला आहे. पाच ग्रहांच्या बलवान स्थितीतून होणाऱ्या पंचमहापुरुष योगांपैकी शश योग तो हाच. नोकरीच्या दृष्टीने याहून भक्कम शनी मागायचा तरी कुठे? कष्ट तो करवून घेईल आणि फळ उशिरा देईल, पण असं शनी बाधक नसलेल्या पत्रिकेतही होतं. विवाहाचं म्हणाल, तर दशमातून शनीची दहावी दृष्टी सप्तमावर, म्हणजे विवाहस्थानावर, पडते. त्यामुळे बोलणी लांबतात. हा दृष्टीचा परिणाम आहे, बाधकत्वाचा नाही, आणि लांबणं म्हणजे मोडणं नव्हे.

१९ वर्षं एकसारखीही जात नाहीत. पहिली ३ वर्षं ३ दिवस शनीचीच अंतर्दशा (महादशेतला छोटा टप्पा), मग २ वर्षं ८ महिने ९ दिवस बुधाची. बुध तुमचा धनेश आणि पंचमेश, म्हणजे दुसऱ्या आणि पाचव्या स्थानांचा स्वामी. पुढे लग्नेश शुक्राची ३ वर्षं २ महिने. मी जपायला सांगेन ते बरंच पुढे, मंगळाच्या १ वर्ष १ महिना ९ दिवसांत, कारण मंगळ सप्तमेश आणि व्ययेश आहे. आणि शेवटी अष्टमेश गुरूच्या अंतर्दशेत. तेव्हाही जपायचं म्हणजे कर्ज आणि करारमदार नीट वाचून करायचे, घरात बसून राहायचं नव्हे.

या सगळ्याआधी एक काम करा. लग्न २८ अंशांवर आहे, म्हणजे मिथुन लागायला जेमतेम ८ मिनिटं उरतात. जन्मवेळ पावणेसात, सव्वासात अशी ठोकळ लिहिलेली असेल तर मूळ नोंद काढून पाहा. लग्न मिथुन निघालं तर बाधकेश गुरू होतो, शनी अष्टमेश-भाग्येश होऊन नवमात बसतो, आणि ज्या वाक्याने तुमची झोप उडवली त्याला आधारच राहत नाही. वेळ पक्की झाली की पुन्हा लिहा, मी पत्रिका नव्याने मांडून पाहीन.