पहाटे तीनला फर्नेस बंद पडते

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि तिन्ही फोटो पोचले. युटामधल्या मोआबच्या लाल दगडांत तुमचं चाकावरचं घर, म्हणजे ट्रेलर, झकास दिसतोय. पण पहाटे तीनच्या सुमाराला फर्नेसचा, म्हणजे ट्रेलर ऊबदार ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीचा, पंखा घरघरतो, मग बंदच पडतो आणि उजाडेपर्यंत दोघं गोधडीत कुडकुडत बसता, असं लिहिलंयस. चार ठिकाणी विचारलंस, अकरा उत्तरं आली. कोणी म्हणालं गॅस संपला असेल, कोणी म्हणालं गॅसचा रेग्युलेटर गोठला, एकाने सर्किट बोर्ड बदलायला सांगितलं, आणि एकाने असला जुना ट्रेलर घेतलातच कशाला म्हणून झापलं. आता कोणाचं ऐकू, असं विचारतेस.

तूर्त कोणाचंच नको.

तुझ्या पहिल्या फोटोत ट्रेलरबाहेर स्टारलिंकची, म्हणजे उपग्रहाच्या इंटरनेटची, डिश उभी आहे. दुसऱ्यात तू शेगडीपाशी, खिडकीबाहेर मिट्ट काळोख, आणि मागे कोपऱ्यात इन्व्हर्टरचा हिरवा दिवा. म्हणजे झोपतानाही डिश चालूच असते, हो ना? हे तू अकरापैकी एकालाही सांगितलं नव्हतंस. त्यांचा तरी काय दोष!

हिशोब कर. फर्नेस जळते गॅसवर, पण तिचा पंखा बॅटरीवर फिरतो. पंख्याचा जोर कमी झाला की आतला सुरक्षेचा स्विच गॅस पेटूच देत नाही. पंखा खातो सात-आठ ॲम्पिअर. तो निम्मा वेळ चालतो असं धरलं तर रात्री नऊ ते पहाटे तीन, या सहा तासांत झाले २४ ॲम्पिअर-अवर. डिश आणि राउटरचे मिळून ६० वॉट धर. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारं मिळवून ते सहा ॲम्पिअर. सहा तासांचे ३६. एकूण ६०. तुमच्याकडे ट्रेलरबरोबर आलेली एकच लेड-ॲसिड बॅटरी आहे, १०० ॲम्पिअर-अवरची. ती निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे वापरायला मिळतात ५०. त्यातून दिवसभर लॅपटॉप चालवल्यावर ती संध्याकाळी पूर्ण भरलेली असेल याची खात्री नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशातली गत आहे. फर्नेस बिचारी दळते, पीठ डिश खाते.

आज झोपताना डिश आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद कर. मोआबमध्ये हार्डवेअरच्या दुकानात साधा मल्टिमीटर मिळेल, तो आण. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी विसावल्यावर १२.६-१२.७ व्होल्ट दाखवते. १२.१ च्या आसपास आली की निम्मी संपली समज. लिथियम बॅटरीचं नंतर बघू. ती जवळजवळ पूर्ण वापरता येते हे खरं, पण पारा शून्याखाली असताना ती चार्ज करायची नसते, आणि ट्रेलरचा जुना चार्जर तिला चालेल की नाही हेही बघावं लागतं. घाईने पैसे घालू नकोस.

आणि एक गोष्ट दटावून सांगते. फर्नेस बंद पडली म्हणून ऊब यावी यासाठी स्वयंपाकाची शेगडी पेटवून झोपायचं नाही. एकदाही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म आहे ना, तो बटण दाबून वाजवून बघ. त्यावर मुदत संपल्याची तारीख असते, तीही बघ.

आता मुद्द्याचं. ट्रेलर घेऊन रस्त्यावर राहायला लागून आम्हाला नऊ वर्षं झाली. घर विकलं तेव्हा काकांना पाना कसा धरायचा एवढंच ठाऊक होतं आणि मला तेवढंही नाही. जे काही शिकलो ते अनोळखी लोकांना विचारून. पण विचारायचं कसं, हे शिकायलाच दोन वर्षं गेली. ‘फर्नेस चालत नाही’ हा प्रश्न नाही, ती तक्रार आहे. ट्रेलर कोणत्या साली बनला, वीज पार्कमधल्या खांबाची की बॅटरीची, बाहेर थंडी किती, कधी बंद पडते, त्याआधी काय काय चालू होतं, आणि तू स्वतः काय करून पाहिलंस, एवढं लिहिलंस की निम्मी उत्तरं आपोआप गळतात. उरलेल्यांत बघायचं की उत्तर देण्याआधी उलट प्रश्न कोणी विचारला. त्या माणसाला धरून राहा. न विचारता थेट औषध लिहून देणारा वैद्य गावातही असतो आणि इथेही असतो.

आमचा पहिला धडा संडासाचा होता. हसू नकोस, ट्रेलरमध्ये राहणारी चार माणसं संध्याकाळी शेकोटीपाशी जमली की दहा मिनिटांत गाडी ब्लॅक टँकवरच, म्हणजे मैल्याच्या टाकीवरच, येते. आम्ही पहिला महिना सगळ्या सोयींच्या पार्कमध्ये, म्हणजे ट्रेलर लावायच्या भाड्याच्या जागेत, होतो. ड्रेनेजची नळी जोडलेलीच आहे, तर मैला साचू कशाला द्यायचा, असा विचार करून काकांनी ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवला. पाणी वाहून गेलं आणि बाकीचं टाकीतच राहिलं. तिसऱ्या आठवड्यात संडासाखाली असा डोंगर झाला की वरून सरळ दिसायला लागला. दुष्काळात तेरावा महिना म्हणजे दुसऱ्याच दिवशी आमच्याकडे पाहुणे येणार होते. शेजारच्या म्हाताऱ्याला मी लाजत लाजत सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, ‘व्हॉल्व्ह उघडा ठेवलाय का?’ मग तीन दिवस टाकी पाण्याने भरायची, मुरू द्यायची, सोडायची. तो रोज येऊन चौकशी करायचा, जणू घरात कोणी आजारी आहे.

तेव्हा व्हॉल्व्ह बंद. टाकी दोन-तृतीयांश तरी भरू दे. मग आधी ब्लॅक सोडायचा आणि त्यामागून ग्रे, म्हणजे आंघोळीच्या आणि भांड्यांच्या पाण्याची टाकी. त्या साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. इथले लोक विरघळणाऱ्या कागदावर तासन्‌तास वाद घालतात. आपण पाण्याने धुणारी माणसं, कागद जातच नाही किंवा थोडा जातो आणि पाणी भरपूर पडतं. टाकीला हेच मानवतं. फक्त टाकी लवकर भरते, आणि वाळवंटात पाणी मोजून वापरायचं असतं, तेवढं सांभाळ. पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी आणि टाकी धुण्याची नळी कधीही एका कप्प्यात ठेवू नकोस.

विजेचं थोडक्यात सांगते, कारण तू इंजिनिअर आहेस. पार्कमधला ३० ॲम्पिअरचा खांब म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट. एसी, पाणी तापवायचा विजेचा हीटर आणि तुझी इंडक्शन शेगडी एकदम लावलीस की ब्रेकर पडणार. ब्रेकर खराब नसतो, आपली हाव जास्त असते. खांबाला जोडण्याआधी मध्ये सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका अडवणारं यंत्र, हवंच. जुन्या पार्कमध्ये खांबाची वायरिंग कशी असेल याचा भरवसा नाही.

टायरवर मात्र थांबते. न्यू मेक्सिकोत आय-४० महामार्गावर, टुकुमकारी सोडून सांता रोझाकडे जाताना आमच्या ट्रेलरचा मागचा उजवा टायर फुटला. नुसता फुटला नाही, त्याच्या चिंध्यांनी चाकावरचा ट्रेलरचा तळ फाडला, आतली वायर तोडली. एक बाई पिकअप थांबवून उतरली. तिने पहिलं वाक्य काय म्हणावं? ‘टायर किती सालचा?’ आम्ही दर सकाळी हवा तपासायचो, नक्षी शाबूत आहे म्हणून खुशीत असायचो. जन्मतारीख कधी पाहिलीच नव्हती. टायरच्या कडेला डीओटीने सुरू होणारा क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल. २३१६ असेल तर २०१६ चा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उन्हात उभे राहून म्हातारे होऊन मरतात. पाच-सहा वर्षं झाली की नक्षीकडे न बघता बदल. तुम्ही ट्रेलर वापरलेला घेतलाय, तेव्हा हे पत्र वाचून झालं की खाली उतरून चारही आकडे लिहून घे. कधी कधी आकडे आतल्या बाजूला असतात, टॉर्च ने.

त्या बाईचं नावही आम्हाला कळलं नाही. तिने जॅक लावायला मदत केली, आणि पैसे विचारले तर हात झटकून निघून गेली.

ही मदतीची रीत इंटरनेटच्या बरीच आधीची आहे. १९७८ मध्ये जो आणि के पीटरसन या नवरा-बायकोने ‘एस्केपीज’ नावाचा क्लब काढला, तो सुरुवातीला एका पत्रिकेवर चालायचा. त्याचं ठाणं टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टन गावात आहे. रस्त्यावरच्या लोकांची टपाल तिथे येते आणि पुढे पाठवली जाते. मला सगळ्यात भावलं ते तिथलं ‘केअर’ केंद्र. ज्यांना वयामुळे किंवा आजारामुळे गाडी चालवणं जमत नाही, ते आपापल्याच ट्रेलरमध्ये तिथे राहतात. जेवण मिळतं, डॉक्टरकडे नेणं-आणणं होतं. काकांच्या गुडघ्याकडे बघून मी तिथली माहिती काढून ठेवलीय. त्यांना सांगू नकोस.

ट्रेलरमध्ये राहणारा प्रत्येक जण मजेसाठी निघालेला नसतो, हेही ध्यानात ठेव. एका ऑक्टोबरात आम्ही नॉर्थ डकोटात रेड रिव्हरच्या खोऱ्यात शुगर बीटच्या, म्हणजे साखर काढायच्या कंदाच्या, हंगामावर कामाला गेलो होतो. बारा तासांची पाळी. डोंगराएवढे बीटचे ढीग, आणि ऊन वाढलं की काम बंद, कारण गरम बीट ढिगात सडतं. मी कराडची. ट्रेलरची ती रांग, अंधारात उठून डबे भरणारी माणसं पाहिली आणि मला आमच्या शिवाराबाहेर पडणाऱ्या ऊसतोडीच्या कोप्या आठवल्या. फरक मोठा आहे, इथे मुकादमाची उचल डोक्यावर नसते. पण शेजारची साठीची बाई हंगामाच्या पैशांतून दात करणार होती. तिला मी उत्साहाने विचारलं होतं, ‘मग पुढे कुठे फिरायचा बेत?’ अजून ओशाळते.

दुसरी आपली खोड. मोकळ्या वाळवंटात एकच ट्रेलर दिसला की सोबत म्हणून आपण त्याच्या शेजारी जाऊन लावतो. तो मैलभर एकांत शोधत आलेला असतो. लांब लाव, हात हलव, आणि जनरेटर रात्री दहाच्या आत बंद. बोलावंसं वाटलं तर तोच येईल. बीएलएम या सरकारी खात्याच्या मोकळ्या जमिनीवर साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवसच राहता येतं आणि मग निदान २५ मैल लांब जावं लागतं. प्रत्येक भागाचे आपले नियम असतात, पाटी वाच.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष करू नका. तुझा नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. पत्ता बदलला की दहा दिवसांत इमिग्रेशनला कळवावं लागतं. त्याच्या कामाची जागाही अर्जात लिहिलेली असते, तेव्हा ‘कुठूनही काम करतो’ हे मॅनेजरने मान्य केलं म्हणून भागत नाही. कंपनीच्या वकिलाला लेखी विचारा. इथे मात्र शेकोटीपाशी मिळालेला सल्ला घेऊ नका, माझासुद्धा. आणि थंडीत तुम्ही दक्षिणेला उतराल तेव्हा टेक्ससमध्ये सिएरा ब्लांकाजवळ आय-१० वर बॉर्डर पेट्रोलचा नाका लागतो. मूळ कागद कपाटाच्या तळाशी नकोत, हाताशी असू देत.

जानेवारीत आम्ही ॲरिझोनात क्वार्टझसाइटला असू, ला पोसाच्या लांब मुक्कामाच्या जागेत. तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहता येतं. गाव एरवी चिमुकलं, पण तेव्हा नजर जाईल तिथवर ट्रेलर. गावच्या दफनभूमीत दगडी पिरॅमिडवर धातूचा उंट आहे. अमेरिकी लष्कराने १८५६ मध्ये वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीची ती समाधी. लोकांनी त्याच्या नावाचं ‘हाय जॉली’ करून टाकलं. आपल्या नावांचं काय होतं ते तू जाणतेसच. तुला तिथे घेऊन जाईन.

आज रात्री नऊला आणि उद्या उठल्या उठल्या मीटर लाव. दोन्ही आकडे मला कळव. फर्नेस सकाळपर्यंत चालली की नाही, तेही. मग ज्या चार ठिकाणी विचारलंस तिथे परत जाऊन लिही की कारण काय निघालं. माझं चुकलं असेल तर तसं लिही. बोर्ड बदला म्हणणाऱ्याला आणि झापणाऱ्यालाही लिही. पुढच्या थंडीत कुणीतरी पहाटे तीनला कुडकुडत हेच शोधत बसेल आणि त्याला नुसती अकरा उत्तरं सापडतील, शेवट सापडणार नाही. मला स्वतःला असे अर्धवट सुटलेले प्रश्न फार भेटलेत.

काकांचे आशीर्वाद.

तुझी,
काकू

ता. क. फोटोतल्या कढईत पिठलं होतं ना? फोडणी घालण्याआधी छताचा पंखा लाव आणि एक खिडकी उघड. नाहीतर स्मोक अलार्म अख्ख्या पार्कला जेवायला बोलावतो.