नवा फॉर्म भरायच्या आधी

अगं,

सरकारी योजनांच्या पैशांसाठी येणाऱ्या बायकांना मदत करायच्या आपल्या टेबलवर बसायला लागशील त्याआधी हे लिहून पाठवते. ट्रेनिंगमध्ये योजना शिकवल्याच असतील, संजय गांधी निराधारला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत, श्रावणबाळला वय ६५, हे तुला पाठ असणार. पण आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातनं, अशोक चौक, साखर पेठ, विडी घरकुलकडनं ज्या विड्या वळणाऱ्या बायका येतात ना, त्यातल्या कितीतरी जणींची योजना आधीच मंजूर असते, पैसे मधेच कुठंतरी अडकलेले असतात. म्हणून "पैसे येईना झालेत की ओ मॅडम" असं म्हटल्याबरोबर नवा फॉर्म पुढं ओढू नकोस. दोन अर्ज झाले की घोळ दुप्पट होतो आणि तिचे महिने वाया जातात.

सगळ्यात आधी पासबुक बघ, शेवटचे पैसे कधी आले ते. मग आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघ, ओटीपी तिच्याच मोबाइलवर येईल, तो तिनंच सांगायचा. खूपदा होतं काय, गल्लीत कुणीतरी झिरो बॅलन्स खातं उघडून दिलेलं असतं, अंगठा घेताना आधार तिकडं सीड झालेलं असतं, आणि डीबीटीचे, म्हणजे सरकारकडनं थेट खात्यात येणारे पैसे खातं नंबर बघून नाही तर आधार शेवटी जिथं सीड झालंय तिथं जातात. म्हणजे ही बाई महिनोन्‌महिने जुन्या बँकेत चकरा मारतेय आणि तिचे दीड हजार दुसऱ्याच खात्यात पडतायत! बँकवाले सांगतात "आधार लिंक आहे", ते खोटं बोलत नाहीत, पण केवायसीसाठी लिंक असणं वेगळं आणि डीबीटीसाठी सीड असणं वेगळं, हे तू नीट समजून घे, अर्ध्या केसेस इथंच सुटतात.

नावाचं दुखणं वेगळंच. विडी कार्डावर, म्हणजे विडी कामगाराच्या ओळखपत्रावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, त्यात तेलुगू आडनाव प्रत्येक क्लार्कनं आपल्या मनानं लिहिलेलं. पीएफच्या पेन्शनला हे फार नडतं. त्या पेन्शनचा किमान आकडा २०१४ पासून हजार रुपयेच आहे, पण एकटीला हजारसुद्धा औषधाला लागतात, छोटी रक्कम म्हणून केस मागं टाकायची नाही. सगळी कागदं शेजारी ठेवून स्पेलिंग अक्षर अक्षर जुळव, जन्मतारीखही.

हयातीचा दाखला संपला तरी ही पेन्शन थांबते. तो दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, नोव्हेंबरचीच वाट बघायची गरज नाही. आयुष्यभर विड्या वळून बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही, मग चेहऱ्यावरनं होतो मोबाइलवर, तो करून दे, त्यांना परत पाठवू नकोस.

तहसीलला किंवा कुठंही कागद दिला की पोच घ्यायलाच लाव. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवांना २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, मुदतीत दिला नाही किंवा नाकारला तर अपील करता येतं, पण ते ३० दिवसांत. संजय गांधी योजनेच्या यादीतनं तिचं नाव का गेलं हेच कुणी सांगत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाक. ऑफिसात भांडायला जाऊ नकोस, तिथला क्लार्कही गर्दीनं वैतागलेला असतो आणि पुढच्या केसला तोच लागतो.

अजून एक, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सोबत आलेला मुलगा किंवा सून बोलत असेल तरी प्रश्न तिलाच विचार. मराठी अडत असेल तर आपल्यातल्या तेलुगू येणाऱ्या कुणाला तरी बसव. तिला एकटीला बोलू दिलं की कधी कधी कळतं एटीएम कार्ड कुणाकडं आहे ते.

ओरिजिनल कागद ठेवून घेऊ नकोस, झेरॉक्स घे. आणि वहीत प्रत्येक नावापुढं पुढची तारीख लिही, त्या दिवशी काहीच हललं नसलं तरी फोन करून तसं सांग, नाहीतर दिवसभराच्या विड्या बुडवून त्या नुसतं विचारायला येतात.