चाकाचा एक नट पडला असेल तर गाडी चालवावी का?

तुमचा प्रश्न असा: गणपतीला मुंबईहून गुहागरला आलात, स्विफ्ट धुताना मागच्या डाव्या चाकाची कॅप निघाली आणि चारांतला एक नट जागेवर नाही असं दिसलं. परवा विसर्जन आटोपून घरच्यांना घेऊन निघायचंय, तर तीन नटांवर मुंबई गाठता येईल का?

मुंबईपर्यंत अजिबात नेऊ नका. गुहागरातल्या गॅरेजपर्यंत न्या, तीही रिकामी गाडी, तिशी-चाळिशीच्या वेगाने आणि उरलेले तीन नट पान्याने आवळून झाल्यावरच. मी सतरा वर्षं चिपळूण-गुहागर-दापोली या पट्ट्यात भाड्याची गाडी चालवतो. एकदा हाच प्रसंग माझ्यावर येऊन गेलाय, म्हणून इतकं ठामपणे सांगतोय.

श्रावणातली गोष्ट. पंक्चर काढून आठवडा झाला होता. पाऊस धो धो पडत होता, म्हणून मीही घाई केली आणि पंक्चरवाल्यानेही. नट नीट आवळले की नाही हे मी पाहिलंच नाही. आठवड्याने परशुराम घाट उतरताना मागून टक-टक आवाज यायला लागला. चाकाच्या फेऱ्याबरोबर एक टक. वेग वाढवला की आवाज दबायचा, हळू केली की परत सुरू. टायरच्या खाचेत खडी अडकली असेल असं वाटलं. मागे आजी-आजोबा आणि त्यांचा चार वर्षांचा नातू बसले होते. मन राहवेना, म्हणून गाडी कडेला घेतली. कॅप काढली तर एक नट गायब, दुसरे दोन नट नुसत्या बोटांनी फिरत होते, आणि प्रत्येक भोकापासून रिमवर बाहेरच्या बाजूला गंजाच्या पाण्याची तांबडी रेघ ओघळलेली. एक भोक तर लांबट झालं होतं. ते पोर खिडकीच्या काचेला नाक लावून माझ्याकडे बघत होतं. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

ती तांबडी रेघ नीट लक्षात ठेवा. नट सैल असला की रिम आणि हब, म्हणजे गाडीकडचा ज्या भागावर चाक बसतं तो, एकमेकांवर घासतात, लोखंडाचा चुरा होतो आणि पावसात तोच रेघेने बाहेर येतो. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने सगळंच गंजतं, पण तो गंज सगळीकडे सारखा पसरलेला असतो. भोकापासून निघालेली रेघ वेगळी ओळखू येते. तुमच्या चाकावर ती दिसली, किंवा भोकाभोवती रंग उडून धातू चकाकत असेल, तर गॅरेजपर्यंतही गाडी नेऊ नका, मिस्त्रीलाच घरी बोलवा.

असं का होतं तेही सांगतो. चाक बोल्टवर खुंटीला पिशवी टांगावी तसं टांगलेलं नसतं. नट आवळला की बोल्ट अगदी किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने रिम हबवर घट्ट दाबून बसते. ब्रेकचा, वळणाचा, खड्ड्याचा मार मुख्यतः त्या दाबावर पेलला जातो. चारांतला एक गेला म्हणजे पाव दाब गेला, आणि तोही एकाच बाजूचा. मग त्या बाजूला रिम दर फेऱ्याला जराशी उचलते आणि शेजारचे दोन बोल्ट पुढे-मागे वाकत राहतात. तार हाताने वाकवून-वाकवून तोडतो ना, तसंच. बोल्ट लगेच तुटत नाही, पण तुटतो तेव्हा आधी सांगून तुटत नाही.

नॅनो तीन नटांवरच चालायची, असं कोणीतरी तुम्हाला नक्की सांगेल. खरं आहे. पण ती हलकी गाडी, आणि तिचे तीन नट सारख्या अंतरावर, त्याच हिशोबाने बसवलेले. तुमच्या चाकावरचे तीन एका बाजूला झुकलेत. शिवाय परतीच्या गाडीत माणसांबरोबर नारळ, तांदूळ, काकड्या असतातच. कशेडीला बोगदा झाला तरी परशुराम आणि भोस्ते घाटातली वळणं आहेतच.

आता गॅरेजमध्ये काय बघायचं. बोल्टचे आटे शाबूत असतील तर नुसता नट बसेल, चहा-वड्याच्या पैशातलं काम. मात्र नट त्याच मापाचा हवा. मारुतीचा बोल्ट १२ मिलिमीटर जाडीचा, आट्यांतलं अंतर १.२५ मिलिमीटर. ह्युंदाई, होंडा, टोयोटाच्या बहुतेक गाड्यांचाही १२ चाच, पण अंतर १.५. त्यांचा नट तुमच्या बोल्टवर दोन आटे चढतो, अडकतो, आणि कोणी जोर लावून तसाच बसवला की बोल्टही वाया जातो. म्हणून नवा नट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरतो का ते स्वतः बघा. बोल्टच तुटला असेल तर तो बदला आणि त्याच्या शेजारचे दोन्हीही बदला, कारण तुटलेल्याचा भार त्यांनीच सोसलाय. मिस्त्री "ते चांगले आहेत" म्हणाला तरी बदला.

चाक काढलंच आहे तर हबची रिम टेकते ती बाजू तारेच्या ब्रशने घासून घ्या. रिम आणि हबमध्ये गंजाची पापुद्री राहिली तर ती पुढे चुरून जाते आणि आवळलेले नट परत सैल पडतात. नटाची निमुळती बाजू रिमकडे, आवळायचे समोरासमोरचे, आणि शेवटचा जोर चाक जमिनीला टेकल्यावर. बहुतेक छोट्या गाड्यांना ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. टॉर्क पाना, म्हणजे आवळायचा जोर मोजणारा पाना, नसेल तर गाडीतल्या वीतभर पान्याच्या टोकाला ३५-४० किलोचा जोर, एवढा अंदाज पुरे. पान्यावर उभं राहून नाचू नका, पाइप लावून तर नकोच. त्याने बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो आणि पुढे तुटायची तयारी तिथेच होते.

आणि बाकीच्या तीन चाकांच्या कॅपाही आजच काढून बघा. जो नट आपोआप पडला तो कोणीतरी सैल ठेवला होता, आणि त्याच हाताने दुसरी चाकंही बसवली असतील.

निघायच्या दिवशी चिपळूणला चहाला थांबाल तेव्हा, म्हणजे ४५ किलोमीटरवर, पाना काढून चारही चाकांचे सगळे नट एकदा परत आवळा. पाच मिनिटं लागतात. घाट त्याच्या पुढे लगेच सुरू होतो.