इंजेक्टर बदलण्याआधी दाब मोजावा

प्रश्न : माझ्याकडे २००२ सालची, १.३ लिटर पेट्रोल इंजिनाची एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टरने पेट्रोल देणारी) मोटार आहे. सकाळी ती बराच वेळ सेल्फ मारल्यावर सुरू होते, पेट्रोलचा वास येतो आणि पूर्वी लिटरमागे चौदा किलोमीटर मिळत, तिथे आता जेमतेम दहा मिळतात. मेकॅनिक मोठे इंजेक्टर (पेट्रोलचा फवारा सोडणाऱ्या तोट्या) आणि पेट्रोलचा दाब कमी-जास्त करता येणारा रेग्युलेटर (दाब-नियंत्रक) बसवायला सांगतो. ते बसवावेत का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपण वर्णिलेली लक्षणे पेट्रोल कमी पडत असल्याची नसून ते जादा जात असल्याची दिसतात. त्यावर मोठे इंजेक्टर बसवणे म्हणजे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला!

आधी रेग्युलेटर तपासावा. आपल्या गाडीच्या काळातील अनेक गाड्यांत तो इंधन-रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) असतो आणि एका बारीक रबरी नळीने इनटेक मॅनिफोल्डशी (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याशी) जोडलेला असतो. इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू असताना ही रबरी नळी उपसून पाहावी. तिच्यात पेट्रोलचा ओलावा आढळला, तर रेग्युलेटरच्या आतला पडदा फाटला आहे आणि तेथून पेट्रोल थेट इंजिनात ओढले जात आहे, असे खुशाल समजावे. पडदा शाबूत असेल तर रेलला गेज (दाबमापक) लावावा : ३ बारच्या (बार हे दाबाचे एकक) रेग्युलेटरवर आयडलला साधारण २.४ ते २.५ बार दिसतात आणि नळी काढताच काटा ३ वर जातो. इंजिन बंद केल्यावर दाब झपाट्याने उतरत असेल, तर पेट्रोलच्या पंपाची झडप, रेग्युलेटर किंवा एखादा ठिबकणारा इंजेक्टर, यांपैकी काहीतरी गळत आहे.

मोठ्या इंजेक्टरची अडचण अशी की, ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) त्यांचा आकार कळत नाही. तो फक्त ते किती मिलिसेकंद उघडे ठेवायचे एवढेच ठरवतो, आणि धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधारे होणारी दुरुस्तीही एका मर्यादेपर्यंतच चालते. दाब वाढवूनही फारसे हाती लागत नाही, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३ बारला मिनिटाला ३०० मिली सोडणारा इंजेक्टर ३.५ बारला सुमारे ३२४ मिली सोडेल, म्हणजे अवघे आठ टक्के अधिक. पंपावर मात्र ताण वाढेल. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) बसवून ईसीयू नव्याने ट्यून करणाऱ्यांसाठी हा उद्योग ठीक आहे.

इंजेक्टर बदलायचेच असतील, तर मूळच्याच प्रवाहाचे, पण बारीक फवारा देणारे अनेक छिद्रांचे घ्यावेत, आणि त्यांचा विद्युत रोध जुन्यांइतकाच असल्याचे मल्टिमीटरने पाहावे. बारा-सोळा ओहमच्या जागी दोन-तीन ओहमचे लावल्यास ईसीयू जळू शकतो. ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे ओ-रिंग (इंजेक्टरच्या टोकांवरच्या गळतीरोधक रबरी कड्या) आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच हव्यात. काम सुरू करताना पंपाचा फ्यूज काढून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि मगच बॅटरी सोडवावी. ओ-रिंगला इंजिन ऑइलचा थेंब लावून इंजेक्टर बसवावेत. फ्यूज आणि बॅटरी परत जोडल्यावर सेल्फ न मारता दोन-तीनदा नुसती चावी ऑन करावी आणि प्रत्येक इंजेक्टरच्या दोन्ही टोकांशी बोट फिरवून ते कोरडे आहे ना, हे पाहावे.